पाइपातून आलेली ओ

बारक्या हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पण आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना त्याला दुसरं काही नाव आहे हेच माहीत नव्हतं. माणूस इतका सडपातळ की अंगातला शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तब्येत बरी असते ना?" आणि ह्यानं गंभीरपणे सांगितलं होतं, "तब्येत उत्तम आहे, फक्त थोडी आहे." त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, हा किस्सा अजूनही पदर तोंडाला लावून सांगते.

ह्या बारीकपणावरच त्याची नोकरी होती.

आम्ही स्टेनलेस स्टीलचे पाइप बनवायचो. लहान पाइप बनताना पाहणं म्हणजे करमणूकच. पट्ट्याचं मोठं भेंडोळं एका टोकाला सुटत राहतं, पट्टा रुळांच्या जोड्यांमधून पुढे सरकतो, आणि सरकता सरकता त्याच्या कडा वर उचलल्या जातात. आधी पन्हळ होते, मग जवळजवळ नळी, आणि दोन्ही कडा जिथे एकमेकींना टेकतात तिथे वेल्डिंगची ठिणगी बसलेली असते. मागून पट्टा जातो, पुढून पाइप येतो, करवत त्याचे तुकडे पाडते. दिवसभर बघत बसलं तरी कंटाळा येत नाही.

मोठ्या पाइपांचं तसं नव्हतं. त्यांना जाड पत्रा लागायचा. पत्रा यंत्रात घालून गोल वळवायचा, फट उरेल ती बाहेरून वेल्ड करायची. ते करताना आतल्या बाजूला हवा लागली की जोड काळा पडतो, खरबरीत होतो, पुढे तिथूनच गंजतो. म्हणून पाइपाची दोन्ही तोंडं लाकडी झाकणांनी बंद करून आत आर्गॉन वायू सोडायचा. वेल्ड झालं की झाकणं काढायची, पंखा लावून वायू हाकलायचा आणि मग आतला जोड घासून पत्र्याशी सपाट करायचा. बाहेरून घासायला कुणीही चालतं. आतून घासायला बारक्या.

कमरेएवढ्या उंचीचा पाइप जमिनीवर आडवा ठेवलेला. बारक्या चाकं लावलेल्या एका फळीवर उताणा झोपायचा, हातात विजेचा ग्राइंडर, कपाळावर दिवा, आणि डोक्याकडून आत सरकत जायचा. जोड वरच्या बाजूला ठेवलेला असायचा, म्हणजे तोंडासमोर. फळीला दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक बाहेरच्या जोडीदाराच्या हातात. बाहेरच्यानं मधून मधून हाक मारायची आणि आतल्यानं ओ द्यायची, हा नियम. दोर ओढायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही, पण आलीच तर विचार करत बसायचं नाही, हा दुसरा नियम.

हा जोडीदार म्हणजे त्याचा मेहुणा, वहिनींचा धाकटा भाऊ. बारक्यानंच त्याला कारखान्यात चिकटवलं होतं. तो त्याला "दाजी, दाजी" करत मागे असायचा, म्हणून आम्ही त्याला मेहुणा म्हणायला लागलो, आणि होता होता तो सगळ्या कारखान्याचाच मेहुणा झाला. साहेबसुद्धा त्याला "काय मेहुणे" म्हणायचे. तो पाइपाच्या तोंडाशी एका उलट्या डब्यावर बसायचा आणि आत ओरडायचा, "दाजी, आहात का?" आतून यायचं, "आहे." पुन्हा थोड्या वेळानं, "दाजी, आहात का?" "आहे." शेडच्या सगळ्या खणखणाटात हे दोन आवाज आमच्या इतके अंगवळणी पडले होते की ते थांबले तरच आम्ही मान वर केली असती.

मी पाण्याच्या टेस्टवर होतो. तयार पाइपात पाणी भरून दाब द्यायचा आणि कुठे पाझरतो का बघायचं. माझी जागा शेडच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे त्या दिवशी दुपारी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांकडून ऐकलं आहे, आणि एक गोष्ट अशी आहे की ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली. ती पुढे येईल.

आर्गॉनबद्दल एक सांगितलं पाहिजे. तो विषारी नाही. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खोलगट जागेत पाण्यासारखा साठून राहतो. त्यात माणूस सापडला तर गुदमरल्यासारखं होत नाही. ठसका नाही, खोकला नाही. श्वास नीट आत जातो, नीट बाहेर येतो, फक्त त्यात जगण्यासारखं काही नसतं. माणसाला वाटतं आपण जरा डोळे मिटावेत.

त्या दिवशी पाइपाच्या मागच्या तोंडाला दुसरा पाइप टेकवून ठेवलेला होता, म्हणून तिकडचं झाकण काढलं गेलं नाही. पंखा फक्त पुढून लावला. आणि झाकणातून आत गेलेल्या आर्गॉनच्या नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला नव्हता. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा बारक्या नेहमीसारखा फळीवर झोपून आत गेला आणि ग्राइंडरचा आवाज सुरू झाला.

मेहुण्यानं सांगितलं ते असं. बराच वेळ सगळं ठीक होतं. तो हाक मारत होता, ओ येत होती. मग त्याच्या लक्षात आलं की ग्राइंडरचा आवाज बदललाय. चाक पोलादावर घासत असलं की आवाज भरलेला असतो, दबलेला असतो. आता तो मोकळा येत होता, नुसता फिरण्याचा. त्यानं हाक मारली, "दाजी, आहात का?"

"आहे."

त्याला वाटलं, चाक बदलत असतील. थोडं थांबून त्यानं पुन्हा हाक मारली. पुन्हा "आहे." ग्राइंडर तसाच मोकळा फिरतोय.

"दाजी, मग घासत का नाही?"

"आहे."

मेहुणा डब्यावरून उठला. पाइपात वाकून पाहिलं. खूप आत बारक्याच्या बुटांचे तळवे दिसत होते आणि त्यांच्या पलीकडे कपाळावरच्या दिव्याचा उजेड, अजिबात न हलणारा.

"दाजी, चहा घेणार का?"

"आहे."

हे सांगताना मेहुण्याच्या हातावरचे केस उभे राहायचे, ते मी पाहिले आहेत. आवाज बारक्याचाच होता, तो म्हणाला, त्यात तिळमात्र फरक नव्हता. पण तो उत्तर देत नव्हता. त्याला एवढंच येत होतं.

त्यानं दोर ओढला. फळी खडखडत बाहेर आली आणि फळीवर बारक्या निळा पडून निजलेला. ग्राइंडर त्याच्या छातीशेजारी गरगरत होता, नशिबानं अंगाला लागला नव्हता. वेल्डिंगवाल्यांनी धावत येऊन छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. बारक्यानं मोठा आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि डोळे उघडले.

तो वाचला. पण मेहुण्याचं सगळं बिघडलं.

क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसलेला असतो, त्याला ग्राइंडरचे आवाज चांगले ओळखू येतात. त्यानं सांगितलं की ग्राइंडर कितीतरी वेळ मोकळाच फिरत होता. मग प्रश्न आला की बाहेरचा माणूस तोवर काय करत होता? मेहुणा सांगत राहिला, "मी तिथेच होतो, ते ओ देत होते." पण बेशुद्ध माणूस ओ कशी देईल? डॉक्टरांचंही म्हणणं पडलं की त्याची शुद्ध बरीच आधी हरपली असणार. आमच्या शेडच्या साहेबांना हे बरंच सोयीचं होतं. व्हॉल्व्हबद्दल बोलण्यापेक्षा मेहुणा जागेवरून उठून चहाला गेला होता असं म्हणणं सोपं. चार लोकांनी मान डोलावली. मेहुण्याला घरी बसवलं.

आणि बारक्या काही बोलेना. दवाखान्यात त्याला विचारलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. "आठवत नाही," एवढंच. वहिनींना वाटलं, हा आपल्या भावाला वाचवायला गप्प बसलाय. म्हणजे भावानं खरंच हयगय केली. मेहुणा दाजींची खुशाली विचारायला घरी आला तेव्हा त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. "माझं कुंकू पुसायला निघाला होतास," असं म्हणाल्या. सख्ख्या भावाला. तो मान खाली घालून जिना उतरून गेला.

असे काही आठवडे गेले. बारक्या घरी आला, हिंडू-फिरू लागला, पण त्याला एक नवीच खोड लागली होती. कुणी हाक मारली की तो लगेच ओ द्यायचा नाही. आधी थांबायचा. मान किंचित कलती करून, काहीतरी ऐकत असल्यासारखा. मग सावकाश म्हणायचा, "काय?" वहिनींना वाटलं, डोक्याला धक्का बसलाय, होईल बरं.

सुट्टीचा दिवस होता. सकाळची वेळ, उन्हाचा चौकोन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलेला. वहिनी कणीक मळत होत्या. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, आत नळ थेंबाथेंबानं गळत होता. नवरा अंघोळीला गेलाय असं त्यांनी गृहीत धरलं.

"अहो, आहात का आत?"

"आहे."

"टॉवेल घेतलात ना?"

"आहे."

आता हे उत्तर काही चुकीचं नव्हतं. टॉवेल आहे, ठीक आहे. वहिनींनी कणकेवर तेलाचा हात फिरवला.

"पाणी पुरलं का? की अजून तापवू?"

"आहे."

पाणी आहे. हेही ठीकच. पण सांगताना वहिनी म्हणाल्या, ह्या तिसऱ्या वेळी त्यांच्या पाठीवरून काहीतरी सरसरत गेलं. कारण आवाजात पाण्याचा ओलावा नव्हता. न्हाणीघरातून माणूस बोलला की आवाज कसा घुमतो, त्यात तांब्याबादलीचा खळखळाट मिसळलेला असतो. हा आवाज कोरडा होता. आणि लांबचा. त्यांच्या न्हाणीघरात दोन माणसं उभी राहिली तर कोपर भिंतीला लागतं, आणि आवाज लांबून येत होता.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली आणि बारक्या पिशवी घेऊन आत आला. दूध आणायला गेला होता.

वहिनी ओरडल्या नाहीत. कणकेच्या हातांनी त्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं. फरशी कोरडी ठणठणीत. बादली पालथी. टॉवेल बाहेर दोरीवर. नळातून एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. त्या तिथेच दाराला टेकून खाली बसल्या.

बारक्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, न्हाणीघराकडे पाहिलं. हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"तूपण ऐकलीस?" तो म्हणाला.

"तूपण म्हणजे?" वहिनींनी विचारलं. "तूपण म्हणजे काय? अजून कुणी ऐकलीय?"

मग तो बोलला. पहिल्यांदाच.

तो म्हणाला, आत सगळं नेहमीसारखंच होतं. तोंडासमोर जोड, आजूबाजूला पत्र्यात ताणून लांब झालेलं स्वतःचंच तोंड. मग अंग हलकं झालं. हात खाली आला तो त्यानं आणला नव्हता, आपला आपण आला. काही दुखत नव्हतं. थंडीत पांघरूण ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात मेहुण्याची हाक आली, "दाजी, आहात का?" तो ओ द्यायला तोंड उघडणार, तोच कुणीतरी म्हणालं, "आहे."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"मीच. माझाच आवाज. पण माझ्या डोक्याच्या पलीकडून. झाकणाच्या बाजूनं. केसांना लागेल इतक्या जवळून."

"मग तुम्ही का नाही ओरडलात?"

बारक्यानं पिशवी उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "मला बरं वाटलं गं. वाटलं, चला, आपल्या वाटची ओ कुणीतरी देतंय. आता आपण नाही दिली तरी चालेल. पुन्हा हाक आली, पुन्हा त्यानं दिली. मी निवांत झालो. मला इतकं निवांत जन्मात कधी वाटलं नव्हतं."

वहिनी म्हणतात की त्याच्या तोंडचं हे "निवांत" त्यांना त्या आवाजापेक्षा जास्त भयानक वाटलं.

"आणि हे तुम्ही इतके दिवस पोटात ठेवलंत?" त्या म्हणाल्या. "माझ्या भावाला लोक काय काय बोलले. मी त्याला दारातून हाकललं."

"सांगून कुणाला पटलं असतं? आणि सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की मी गप्प पडून राहिलो. तुला, घराला सोडून निवांत पडून राहिलो."

वहिनींनी हात धुतले नाहीत. कणीक तशीच टाकली, चपला पायात सरकवल्या आणि भावाच्या खोलीवर गेल्या. तो दारात आला, बहिणीला बघून मागे सरला. त्याला वाटलं, अजून काही ऐकवायला आली.

"ऐकली मी," वहिनी म्हणाल्या. "आत्ता. घरात. हे बाहेर होते आणि आतून ओ आली."

मेहुणा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडणं ओसरल्यावर त्यानं बहिणीला एक गोष्ट सांगितली, जी त्यानं चौकशीत सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती.

"ताई, दाजींना मी बाहेर ओढलं ना, ते फरशीवर पडलेले, लोक त्यांच्या छातीवर दाब देतायत. माझी बोबडी वळलेली. मी आपला सवयीनं ओरडलो, दाजी, आहात का? माझं तोंड अजून पाइपाकडेच होतं."

"मग?"

"आतून ओ आली. रिकाम्या पाइपातून."

दुसऱ्या दिवशी बारक्या, मेहुणा आणि वहिनी असे तिघे कारखान्यात आले. वहिनी पहिल्यांदाच शेडमध्ये शिरत होत्या. मी ॲसिडच्या टाकीपाशी होतो. वेल्ड केल्यावर पाइपाला जोडाशी जे निळे-पिवळे डाग पडतात ते ॲसिडमध्ये बुडवून घालवावे लागतात, मग धुऊन पाइप माझ्याकडे टेस्टला येतो. तिघांना बघून मी मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर सगळेच गेले.

बारक्या साहेबांना म्हणाला, "हा जागेवरून हलला नव्हता. ओ येत होती. मीसुद्धा ऐकली."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त झालं ते लवकर मिटायला हवं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, पाइपात आवाज परत येतो. ह्यानं हाक मारली, तीच ह्याला परत ऐकू आली. एवढं साधं आहे."

"मग करून बघा," वहिनी म्हणाल्या.

तसाच एक पाइप तिथे पडलेला होता, मागचं झाकण लावलेला. साहेब तोंडाशी वाकले आणि मोठ्यानं ओरडले, "आहात का?"

पाइप घुमला आणि आतून आलं, "का… का… का…"

एक-दोघे हसले. साहेब सरळ उभे राहत म्हणाले, "बघितलंत? आपलंच आपल्याला परत."

"पण साहेब," मेहुणा हळूच म्हणाला, "हा 'का' म्हणतोय. मला 'का' नव्हतं ऐकू आलं."

साहेबांनी पुन्हा वाकून हाक मारली, ह्या वेळी जरा हळू. "का… का…" त्यांनी झाकण काढून बघितलं, पुन्हा लावलं, वेगवेगळ्या अंतरावरून ओरडून बघितलं. पाइप काही केल्या "आहे" म्हणेना. शेवटी त्यांनी विचारलं, "तो त्या दिवशीचा पाइप कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तो पाइप माझ्याकडे आला होता. अपघातानंतर राहिलेला जोड लांब दांड्याला ग्राइंडर बांधून कसाबसा घासून घेतला, भट्टीत तापवला, ॲसिडमधून काढला आणि माझ्याकडे पाठवला. मी त्यात पाणी भरलं, दाब दिला, अंगभर हात फिरवून पाहिलं. कुठेही थेंब नाही. इतका स्वच्छ पाइप क्वचित येतो. पाणी सोडून दिल्यावर, शेवटची धार संपता संपता, आत कुणी उरलं नाही ना हे बघावं तसा मी त्याच्या तोंडाशी वाकलो. का वाकलो ते माहीत नाही. हाक मारली नाही मी, तेवढी हिंमत नव्हती. पण माझ्या सोबत्यानं लांबून मला विचारलं, "काय रे, पाणी आहे का अजून?"

आणि माझ्या कानाजवळ, पाइपातून, उत्तर आलं.

मी शिक्का मारला आणि पाइप पुढे ढकलला. तो इतर पाइपांबरोबर गाडीवर चढला आणि गेला. कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात बसला असेल, त्यातून काहीतरी वाहत असेल. मी साहेबांना त्या दिवशी इतकंच सांगितलं, "तो गेला, साहेब. पास झाला."

साहेब थोडा वेळ रुमालानं हात पुसत राहिले. हात कोरडेच होते. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. मी शेवटची नजर टाकायला हवी होती. वर तसंच सांगतो." आणि मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोर तू ओढलास. नाहीतर आज हा उभा नसता. उद्यापासून ये." आवाजाबद्दल मात्र त्यांनी कधी शब्द काढला नाही.

त्या ऑर्डरमधले काही पाइप आतून घासायचे राहिले होते. दुसरा कुणी त्या मापाचा माणूस नव्हता. साहेबांनी बारक्याला सांगितलं नाही, तो आपणहून म्हणाला की मी जातो. वहिनींनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी त्यांनीच अट घातली. "आहात का असं विचारायचं नाही. कधीच नाही. ज्याचं उत्तर फक्त ह्यांनाच देता येईल असं काहीतरी विचारायचं, आणि दर वेळी वेगळं."

आता दोन्ही झाकणं काढलेली, पंखा लावलेला, हवेत प्राणवायू किती आहे ते सांगणारं नवीन यंत्र बारक्याच्या छातीला अडकवलेलं. तरी सगळ्यांचा जीव टांगणीला. मेहुणा तोंडाशी गुडघ्यांवर बसला, दोर मनगटाला गुंडाळून.

"दाजी, ताईनं डब्यात काय दिलंय?"

"काल उरलेलं!"

"दाजी, आमच्या बाबांनी तुम्हाला पहिल्यांदा काय विचारलं होतं?"

"तब्येतीचं!"

"सातात नऊ मिळवले तर?"

"सोळा! शाळा घेतोयस का?"

लोक हसायला लागले, अंग सैल झालं. मग ग्राइंडर थांबला. आतून बारक्याचा आवाज आला, जरा कापरा. "आणि बाहेरून विचारतोय तो कोण?"

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो सावरून ओरडला, "दाजी, मी तुमचा मेहुणा!"

"तो तर सगळ्यांचाच आहे," आतून आलं. "माझ्याकडून उसनी नेलेली छत्री कुठे विसरलास ते सांग."

"न्हाव्याकडे!"

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला, भरलेल्या, दबलेल्या आवाजात.

ते पाइप संपले आणि बारक्या पुन्हा कधी आत गेला नाही. पुढे काठीला लावायचा कॅमेरा आला, आत फिरणारं घासायचं यंत्र आलं, माणसाची गरजच उरली नाही. त्याला बाहेर पॉलिशवर घेतलं. जिन्याच्या कठड्यांचे पाइप चकचकीत करायचं काम. तिथे त्यानं निवृत्त होईपर्यंत काढलं. गडी कामात चोख, बोलण्यात गमत्या, पण पाइपाच्या उघड्या तोंडासमोर तो कधी उभा राहायचा नाही. नेहमी बाजूनं यायचा.

अलीकडे मी त्यांच्याकडे गेलो होतो. आयुष्यभर ग्राइंडरशेजारी काढल्यामुळे बारक्याला आता फारसं ऐकू येत नाही. तो गॅलरीत ऊन खात बसला होता, होता त्याहून अर्धा झालेला. वहिनींनी स्वयंपाकघरातून त्याला काहीतरी विचारलं. त्याला काही ते ऐकू गेलं नाही. मी बघत होतो, त्याचे ओठ हलले नाहीत.

वहिनी क्षणभर थांबल्या, मान न्हाणीघराच्या दिशेला वळवली आणि शेजारणीच्या आगाऊ पोराला दटावावं तशा म्हणाल्या, "तुला नाही विचारलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कधीमधी होतं," त्या म्हणाल्या. "पूर्वी माझ्या पाचावर धारण बसायची. आता ठाऊक झालंय. त्याला दुसरं काही येत नाही हो. एवढ्या वर्षांत एक शब्द वाढला नाही."

"बारक्याला सांगता का?"

"नाही. ह्यांना ऐकूच येत नाही आता, ते एका अर्थी बरंच झालं." त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं, पदराला हात पुसले आणि चहात साखर किती घालायची ते विचारायला स्वतः उठून गॅलरीत गेल्या. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या तोंडाकडे बघत, ओठ हलेपर्यंत थांबून राहिल्या.